थांबण्याची शक्ती

वार्षिकासाठी काहीतरी लिहून द्यावे, अशी गुरुजींची आज्ञा आली तेव्हा प्रथम मला संकोचच वाटला. या पानांतून आजवर कोणी प्रवासाचे वर्णन केले, कोणी थोर पुरुषांची चरित्रे लिहिली, कोणी पावसाळ्यातील सृष्टिशोभा रंगविली. मी पडलो तेलाने माखलेल्या हातांचा मनुष्य. शाळा सोडल्यापासून माझा सर्व काळ ट्रकांच्या सहवासात गेला. कराडास माझे लहानसे गॅरेज आहे. तेथे मालाचे ट्रक आणि अलीकडे ज्यांस एस.यू.व्ही. म्हणतात त्या थोराड मोटारी दुरुस्तीसाठी येतात. आणि दुरुस्तीपेक्षाही अधिक, काहीतरी बदल करून घेण्यासाठी येतात. कोणास टायर मोठे हवे असतात, कोणास गाडी उंच हवी असते, कोणास पुढे लोखंडी कठडा हवा असतो. त्यांची ती हौस पाहिली की माझ्या बालपणीचा एक दिवस माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो. तो दिवस आज बालवाचकांस व त्यांच्या पालकांस सांगावा, असा माझा विचार आहे.

माझे वडील ट्रकचालक होते. आम्ही त्यांस अण्णा म्हणत असू. त्यांनी हा धंदा शिकला तो क्लीनर म्हणून, जुन्या टाटा-बेंझ ट्रकावर. जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्याने १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी करार करून हे ट्रक बांधण्यास आरंभ केला. १९६९ साली तो करार संपला आणि ट्रकाच्या कपाळावरील तारा जाऊन तेथे ‘टी’ हे अक्षर आले. अण्णा मात्र अखेरपर्यंत प्रत्येक टाटाच्या गाडीस ‘बेंझ’ असेच म्हणत. १९८९ साली त्यांनी पतपेढीचे कर्ज काढून एक जुना ‘१२१०’ विकत घेतला. या आकड्यांचा अर्थ त्यांनीच मला सांगितला होता. पहिले दोन आकडे म्हणजे मालासकट गाडीचे एकूण वजन सुमारे १२ टन. पुढचे दोन म्हणजे इंजिनाची शक्ती सुमारे १०० अश्वशक्ती. “कारखानदाराने गाडीच्या नावातच तिची ताकद लिहून ठेवली आहे,” ते म्हणत, “तिच्याबाहेर जाऊ नये.”

अण्णांचा प्रातःकाळचा नेम पाहण्यासारखा असे. इंजिन सुरू करण्यापूर्वी ते गाडीभोवती एक फेरी घालीत. इंजिनातील तेल मोजपट्टीवर घेऊन ते दोन बोटांत चोळीत. त्यास डिझेलचा वास आला, किंवा ते दुधासारखे पांढुरके दिसले, तर त्या दिवशी गाडी जागची हलत नसे. कारण पहिल्याचा अर्थ तेलात डिझेल उतरले, आणि दुसऱ्याचा अर्थ तेलात पाणी शिरले. मग रेडिएटरचे पाणी, पंख्याचा पट्टा, बॅटरी. मागील चाके जोडीची असल्यामुळे आतील टायरची हवा गेली तरी बाहेरून ध्यानात येत नाही. म्हणून ते टामीने, म्हणजे चाकाचे नट सोडविण्याच्या लोखंडी दांड्याने, प्रत्येक टायरवर एकेक टोला देत. भरलेला टायर टणत्काराने टामीला मागे फेकी. हवा गेलेला टायर भदभद असा आवाज करी. चाकांच्या नटांवर ते हातोडी मारून नाद ऐकत आणि नटाभोवती गंजाची तांबडी रेघ आली आहे काय ते पाहत. अशी रेघ दिसली म्हणजे तो नट आतल्या आत हलतो आहे, असे समजावे. शेवटी ते खाली वाकून कमानीचे पाटे पाहत. पाट्यास चीर गेली असेल तर ती प्रथम केसाएवढ्या गंजाच्या रेषेने प्रकट होते. आणि पाट्यांना आसाशी बांधणारे यू बोल्ट ढिले पडले तर पाट्यांच्या मधोमधचा बोल्ट तुटून सबंध आसच जागचा सरकतो.

या सगळ्यास पंधरा-वीस मिनिटे लागत. लहानपणी मला हे सर्व निरर्थक वाटे. रोज पाहून रोज तर काहीच सापडत नाही, मग पाहावयाचे कशाला? एकदा मी तसे विचारलेही. अण्णा हसून म्हणाले, “बाळ, ज्या दिवशी सापडेल तो दिवस आधी कळत नाही, म्हणून रोज पाहावयाचे.”

अशा सावध मनुष्याच्या हातूनही चूक घडली, आणि तिचे कारण दारिद्र्य हे होते. १९९४ साली पतपेढीचे तीन हप्ते थकले. त्याच सुमारास एका व्यापाऱ्याने कराडहून चिपळुणास गूळ व कांदा नेण्याचे काम देऊ केले. भाडे टनावर ठरले. परंतु ‘एका खेपेत अमुक इतका माल गेलाच पाहिजे’ अशी त्याची अट होती, आणि तो माल गाडीच्या शक्तीपेक्षा सुमारे चार टन अधिक होता. इतर ट्रकवाले तो नेत होते. अण्णांनी दोन दिवस विचार केला, आणि तिसऱ्या दिवशी गाडी मिस्त्र्याकडे नेली. मागील कमानींत दोन दोन पाटे वाढविले. हौद्याच्या तिन्ही बाजूंस व फाळक्यास एकेक फळी चढविली. भरला ट्रक पूर्वी मागे खाली बसे. तो आता ताठ उभा राहू लागला.

मला तर अत्यानंद झाला. नुकतीच माझी नववीची परीक्षा आटोपली होती, आणि सुटीभर क्लीनर म्हणून बरोबर येण्याची परवानगी मिळाली होती. नव्या फळ्या रंगविण्याचे काम मी मागून घेतले. पिवळ्या रंगावर तांबडी कमळे काढताना मला वाटे की, आपला ट्रक आता कराडात सर्वांहून बलवान झाला.

गाडी सुटण्याच्या आदल्या संध्याकाळी अण्णांनी मला एक काम सांगितले होते. ब्रेकच्या ड्रमाला आतून घासून चाक थांबविणारा जो लायनर असतो तो दिवसेंदिवस झिजतो, आणि तो व ड्रम यांमधील अंतर वाढत जाते. ते अंतर पान्याने कमी करून घ्यावे लागते. नाहीतर ब्रेक दाबला तरी ते चाक आळसच करते आणि त्याच्या वाट्याचे काम इतर चाकांवर पडते. हे मला त्यांनी शिकविले होते. उजव्या बाजूचे काम मी केले. इतक्यात अंधार पडू लागला, आणि शेवटचे एक कमळ रंगवावयाचे राहिले होते. मी कमळ पूर्ण केले. पहाटे अण्णांनी विचारले, “मागले ब्रेक दोन्ही बाजूंचे जवळ केलेस ना रे?” मी म्हणालो, “होय, अण्णा.”

पाटण, कोयनानगर मागे टाकून आम्ही कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर आलो. ज्यांनी हा घाट पाहिला नसेल त्यांनी इतके समजावे की, देशावरची भूमी येथे एकाएकी संपते आणि रस्ता वळणे घेत कोकणात उतरतो. ‘ज्या गियरात चढावे त्याच गियरात उतरावे’ हा ट्रकवाल्यांचा जुना नियम आहे. कारण लहान गियरात इंजिन स्वतःच गाडीस मागे ओढून धरते आणि ब्रेकचा भार हलका होतो. अण्णांनी तो नियम पाळला होता. परंतु चार टनांचे जे ओझे वर होते ते नियमात बसणारे नव्हते. तीन-चार वळणे उतरल्यावर एक उग्र, जळका वास येऊ लागला. अण्णांनी माझ्याकडे पाहिले. काही बोलले नाहीत. पुढच्या वळणावर त्यांचा पाय ब्रेकच्या पट्टीसह खाली गेला, आणि गाडीचा वेग मात्र होता तसाच राहिला.

त्या क्षणाचे मला जे स्मरते ते आवाज नव्हे, तर अण्णांचे हात. ते मुळीच घाईत नव्हते. त्यांनी हॉर्न दाबून धरला, क्लच दोनदा दाबून गाडी आणखी लहान गियरात आणली; इंजिन आक्रोश केल्यासारखे ओरडले. समोरच्या वळणावरून एक एस.टी. चढत येत होती. तिच्या चालकाने आमचा हॉर्न ओळखला आणि आपली गाडी जागच्या जागी दरीच्या अंगाला उभी केली. खिडक्यांतून माणसे बाहेर पाहत होती. एक बाई मुलास मांडीवर घेऊन बसली होती. डोंगर आमच्या डाव्या हातास होता, हे आमचे भाग्य. अण्णांनी डावी चाके डोंगरालगतच्या गटारात उतरविली आणि गाडीची कूस मातीच्या दरडीस घासू दिली. मी रंगविलेली फळी कडाकडा मोडत गेली. एस.टी. पंधरा-वीस हातांवर असताना आमचा ट्रक थांबला.

मी उडी टाकून खाली आलो. उजव्या मागील चाकातून धूर निघत होता. मी पाण्याची बादली उचलून धावलो. तोच अण्णांनी माझे मनगट धरले. “पाणी नको. तापलेले बीड तडकते. त्याचे ते निवू दे.” मग चाकांखाली दगड लावून आम्ही दोघे रस्त्याच्या कडेस बसलो. दोन तास बसलो होतो. धूर कमी कमी होत गेला. डाव्या चाकाच्या ड्रमाजवळ मी हात नेऊन पाहिला, तो जेमतेम कोमट होता. माझ्या खोट्या शब्दाचा याहून स्पष्ट पुरावा कोणता असणार? एका बाजूचा ड्रम जळत होता, कारण दुसऱ्या बाजूचा कामच करीत नव्हता.

मी रडत रडत सर्व सांगितले. मार बसेल अशी माझी खात्री होती. अण्णा बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, “तू माझ्याशी खोटे बोललास, ते वाईटच. पण मी गाडीशी खोटे बोललो. ते त्याहून वाईट. पाटे वाढवून मी तिला सांगितले की तू सोळा टनांची आहेस. तिला काय ठाऊक? तिने उचलले. पण उचलणे निराळे आणि थांबणे निराळे, बाळ. पाट्याने भार उचलतो. थांबवावयाचे काम ब्रेकचे, आणि ते बिचारे बारा टनांचेच राहिले.”

ओळखीच्या एका ट्रकवाल्यास थांबवून चार टन माल त्याच्या गाडीत भरला. त्याचे भाडे देता आमचे सर्व भाडे संपले. परत आल्यावर अण्णांनी वाढविलेले पाटे काढून टाकले आणि उरलेल्या फळ्या चुलीत गेल्या. व्यापाऱ्याने काम दुसऱ्यास दिले. ते वर्ष आम्हांस फार जड गेले. आईच्या हातातील पाटल्या पतपेढीच्या हप्त्यांत गेल्या. पाटल्यांकडे पाहण्याचे धैर्य मला होत नसे, आणि त्या गेल्यावर रिकाम्या हातांकडे पाहण्याचे तर नाहीच. परंतु अण्णांनी किंवा आईने त्या संध्याकाळचा उच्चारही पुन्हा कधी केला नाही.

जूनमध्ये दहावीचा वर्ग सुरू झाला आणि विज्ञानाच्या तासास ऊर्जेचे रूपांतर हा विषय निघाला. तास संपल्यावर मी गुरुजींस भीत भीत विचारले, “ट्रक घाट उतरतो तेव्हा त्याची ऊर्जा कोठे जाते?” त्यांनी माझ्याच हाती खडू दिला आणि फळ्यावर गणित करावयास लाविले. ते गणित आज मी आपल्यापुढे मांडतो. समजा, घाटाची उतरण ५०० मीटर आहे आणि ट्रकाचे वजन १२ टन आहे. तर खाली येताना जी ऊर्जा सुटते, तिने ३० अंशांचे सुमारे २०० लिटर पाणी उकळीस येईल. वजन १६ टन केले तर तेच पाणी सुमारे २६८ लिटर होईल. यातील काही उष्णता इंजिन आणि वारा घेऊन जातात. बाकीची ब्रेकच्या ड्रमांनी पोटात घ्यावयाची असते. ती फार झाली म्हणजे ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून दूर होतो. लायनरची घासण्याची शक्तीही कमी होते. आणि पाय दाबला तरी चाक ऐकत नाही. घाटात जे घडले ते दैवाचे नव्हते, ते गणिताचे होते. त्या दिवशी फळ्यासमोर उभे राहून मी यंत्रविद्येचा धंदा करण्याचे ठरविले.

पुढे अधिक शिकलो तेव्हा कळले की, केवळ ब्रेकच नव्हे, सर्वच अंगे एकमेकांस जखडलेली आहेत. कमान ताठ केली तर रिकामा ट्रक खड्ड्यांवर उड्या मारतो आणि त्याच्या चाकांची पकड सुटते. फार काय, रस्त्यासही त्याचा दंड भरावा लागतो. अमेरिकेत इलिनॉय संस्थानात १९५८ ते १९६० या काळात रस्ते मुद्दाम बांधून त्यांवरून ट्रक फिरविले आणि असे काढले की, आसावरील भार वाढला तर रस्त्याची हानी त्या भाराच्या साधारण चौथ्या घातात वाढते. म्हणजे बाराच्या जागी सोळा टन, असा भार जर आसांवर त्याच प्रमाणात पडला, तर रस्त्याची झीज तिपटीहून अधिक. आपल्या सरकारने २०१८ साली दोन आसांच्या ट्रकाची एकूण वजनाची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांवर नेली. परंतु जो ट्रक मुळातच बारा टनांसाठी बांधला, तो कायद्याचा आकडा बदलल्याने बलवान होत नाही.

आता माझ्या गॅरेजात येणाऱ्या तरुणांविषयी दोन शब्द. कोणी २८ इंच व्यासाच्या टायरच्या जागी ३१ इंचांचा घाला म्हणतो. गाडी दिमाखदार दिसेल खरी. पण काटा ६० दाखवीत असेल तेव्हा ती खरोखर ६६ च्या वेगाने पळत असेल, आणि त्याच ब्रेकला अधिक मोठे चाक थोपवावे लागेल. कोणी गाडी उंच करून मागतो. तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती कलंडण्यास अधिक सोपी होते. कोणी पुढे लोखंडी कठडा मागतो. टक्कर होताच गाडीचे नाक चेपावे आणि आघात त्याने सोसावा, अशी मूळची योजना असते. ताठ कठडा तो आघात थेट सांगाड्यास पोहोचवितो, वेळेवर फुगावयाच्या हवेच्या पिशव्यांच्या कामातही अडथळा आणू शकतो, आणि रस्त्याने पायी चालणाऱ्याची तर हाडेच मोडतो. म्हणूनच केंद्र सरकारने २०१७ साली या कठड्यांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांस कळविले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम अशा बदलांस आवर घालते, आणि कारखानदाराने ठरविलेल्या मूळ बांधणीशी विसंगत असा बदल करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला आहे.

याचा अर्थ असा नव्हे की, बदल मात्र सर्व त्याज्य. अपंग मनुष्यास मोटार हाताने चालविता यावी म्हणून कायद्याच्या संमतीने केलेला बदल मी मोठ्या आनंदाने पाहतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांत चालकाची कॅबिन थंड ठेवणारे यंत्र असावे, असा नियम झाला, तेव्हा मला अण्णांची आठवण झाली. इंजिनाच्या धगीत त्यांनी तीस उन्हाळे काढले होते. माझ्याकडे कोणी बदल मागावयास आला म्हणजे मी एकच प्रश्न विचारतो: “हे वाढविल्यावर बाकीच्यांनी काय करावयाचे?” उत्तर मिळाले तर पाना हाती घेतो. न मिळाले तर चहा पाजून परत पाठवितो. कित्येक रागावून दुसरीकडे जातात. माझे उत्पन्न त्यामुळे थोडे कमी होते, हे मी नाकारीत नाही.

अण्णा आज नाहीत. त्यांची टामी माझ्या गॅरेजात भिंतीस टेकून उभी असते, आणि खंडेनवमीस हत्यारांच्या पूजेत तिला पहिले फूल वाहिले जाते. एरवी तिला विश्रांती नाही. नव्याने कामास आलेल्या मुलास मी प्रथम तीच हाती देतो आणि टायरचा नाद ऐकावयास शिकवितो.

बालमित्रहो, तुम्ही लवकरच मोठे व्हाल. अधिक उचलावे, अधिक वेगाने धावावे, अधिक थोर दिसावे, असे तुम्हांस वाटेल, वाटावेही. मात्र पाटे वाढविण्यापूर्वी आपले ब्रेक पाहून घ्या. आणि कोणी विचारले, “दोन्ही बाजूंचे पाहिलेस ना?” तर, पाहिले नसल्यास, ‘नाही’ म्हणा. ‘होय’ या एका शब्दाची किंमत त्या वर्षी माझ्या आईच्या पाटल्यांएवढी झाली. समोरून येणारी एस.टी. वेळीच थांबली नसती, तर ती किती झाली असती याचा हिशेब करण्याचे धैर्य मला अद्यापि झालेले नाही.